दाविदमामांची राहिलेली घंटा

देवळातले किस्से मी मुद्दाम जमवायला जात नाही, तेच माझ्या मागे लागतात. हॉस्पिटलमधल्या आम्ही चौघी सिस्टर ड्युटी संपल्यावर चहाला बसलो की बाकीच्या तिघी वॉर्डातलं सांगतात, आणि माझी पाळी आली की एका सुरात ओरडतात, "तू चर्चचं सांग!" कारण कोरोनाच्या वर्षात आमची मंडळी पुन्हा देवळात आणून बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. त्या पोट धरून हसतात. हसा बायांनो! माझं मात्र सांगताना अजून डोकं फिरतं.

*

आमचं देऊळ कल्याणला. मराठी मंडळी, शंभरेक घरं. कोणी डोंबिवलीहून येतं, कोणी शहाडहून, आणि आमचे चेअरमन विल्सनभाऊ घोडबंदर रोडवरच्या बाविसाव्या मजल्यावरून. आठ महिने सगळी उपासना मोबाइलवर चाललेली. दिवाळीच्या सुमारास सरकारनं देवळं उघडायला परवानगी दिली आणि पंचकमिटीची मीटिंग लागली. पंचकमिटी म्हणजे देवळाचा कारभार बघणारे सात जण. त्यात बाई मी एकटी, आणि सेक्रेटरीही मीच, कारण माझं अक्षर चांगलं!

"सिस्टर, तुम्ही मेडिकल लाइनच्या. सुरक्षिततेचं सगळं तुम्ही बघा," विल्सनभाऊ म्हणाले.

मी तीन गोष्टी सांगितल्या. खिडक्या उघड्या, मास्क नाकाच्या वर, गायन बंद. तिन्ही फुकट होत्या, म्हणून एकही कोणाला पटली नाही.

त्याच मीटिंगमध्ये मी शांतामावशीचं पत्र वाचलं. वहीचा फाडलेला कागद, चार ओळी. शांतामावशी म्हणजे आमच्या दाविदमामांची बायको. शहाडला चाळीत राहते. दाविदमामांनी चाळीस वर्षं देवळाची घंटा वाजवली. रविवारी वाजवली, लग्नांना वाजवली, आणि मंडळीतलं कोणी गेलं की मयताची वाजवली. आमच्याकडे रीत आहे, गेलेल्या माणसाची जितकी वर्षं तितके ठोके, सावकाश, एकेक. घरात बसलेली माणसंसुद्धा मोजतात. मामा जुलैमध्ये कोरोनानं गेले. देऊळ कुलूपबंद. प्लास्टिक घातलेल्या चार अनोळखी माणसांनी पुरलं, मावशीला गेटच्या बाहेर उभं केलं. ना गीत, ना घंटा.

पत्रात एवढंच होतं: "देऊळ उघडणार असे ऐकले. आमच्या मालकांची घंटा राहिली आहे. तेवढी वाजवावी ही विनंती."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. कसलं काय!

"दोराला हात लागतो," एक पंच म्हणाले.

"एक माणूस, सॅनिटायझर लावून," मी म्हणाले.

"घंटा ऐकून गर्दी होईल."

"शिवाय एकाची वाजवली की सगळे मागणार," विल्सनभाऊ म्हणाले. "या वर्षी सात जण गेलेत आपले. किती वेळ वाजवत बसायचं?"

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, सज्जन माणूस. वाद निघाला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "आपण हा विषय प्रार्थनेत ठेवू या."

आणि मी, चांगल्या अक्षराची सेक्रेटरी, काय लिहिलं माहितेय? 'विषय पुढे ढकलण्यात आला.' माझ्याच हातानं! त्या ओळीचा मला अजून राग येतो.

*

खिडक्या उघडायच्या सोडून कमिटीनं काय आणलं? सॅनिटायझरचा बोगदा! पत्र्याचा सांगाडा, वर फवारे. माणूस आत शिरला की अंगावर फुस्स.

"अहो, हे माणसावर मारायचं नसतं! डोळ्यांत जातं, फुप्फुसात जातं," मी बोंबलून सांगितलं.

"सिस्टर, लोकांना विश्वास वाटला पाहिजे," विल्सनभाऊ म्हणाले.

पहिल्या रविवारी सगळ्यांत आधी आमच्या सरोजबाई आत शिरल्या. भगिनी मंडळाच्या अध्यक्षा, आठ महिन्यांनी कपाटातून काढलेली मोरपंखी सिल्कची साडी. बाहेर आल्या तेव्हा साडीवर पांढरे ठिपके, डोळे लाल, आणि खोकल्याची अशी ढास की मागची सगळी रांग भराभर गेटबाहेर पळाली. बाईंना कोरोना झाला म्हणून!

मी पाणी दिलं, पाठ चोळली. श्वास मिळाल्याबरोबर त्या काय बोलल्या? "अगं, आधी यांना सांग की जंतू साडीला नव्हते!"

दुसऱ्या रविवारपासून बोगदा बंद पडला. तो आता देवळामागे उभा आहे. त्यावर कारल्याचा वेल सोडलाय, आणि कारली चांगली लागतात म्हणे.

*

खिडक्यांचं मग मीच मनावर घेतलं. लॉकडाऊनच्या आधीच देवळात एसी बसलेला, दान म्हणून आलेला, आणि एसीसाठी सगळ्या खिडक्या ऑइलपेंट मारून घट्ट बसवलेल्या. एसी लावला नाही तर देणाऱ्याला वाईट वाटेल, म्हणून ऐंशी माणसं बंद खोलीत एकमेकांचा श्वास घेणार! मी म्हटलं, देणाऱ्याला वाईट वाटू दे, मला ऐंशी जण वॉर्डात नकोत.

शनिवारी मी आणि माझा नवरा पटाशी घेऊन गेलो. संध्याकाळपर्यंत बारापैकी नऊ खिडक्या उघडल्या. नवऱ्याच्या अंगठ्याला लागलं ते लागलंच. रविवारी काय वारा सुटला आत! माझं मन भरून आलं, खरंच.

ऐन उपदेशात एक कबूतर आत शिरलं. पाळकसाहेबांच्या डोक्यावरून दोन फेऱ्या मारून बरोब्बर एसीवर जाऊन बसलं. विल्सनभाऊ जागेवरून वळले आणि माझ्याकडे असे बघायला लागले जसं कबूतर मीच पिशवीत घालून आणलंय.

"सिस्टर, ही तुमची सुरक्षितता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आढावमास्तर बोलले. रिटायर्ड शिक्षक, आवाज अजून वर्गातलाच. "असू दे हो. जलप्रलयाचं पाणी ओसरलं का बघायला नोहानं तारवातून धाडलं असेल!"

आठ महिन्यांनी त्या देवळात माणसं एकत्र हसली.

*

मास्कचं तर विचारूच नका. गप्प बसताना सगळ्यांचे मास्क जागेवर. बोलायला उठला की खाली! जणू कोरोना फक्त ऐकणाऱ्याला होतो. मास्क लावायचं आवाहनसुद्धा पाळकसाहेबांनी मास्क हनुवटीवर ओढून केलं.

आणि माइक! आमच्याकडे सार्वजनिक प्रार्थनेला माइक बाकाबाकावरून फिरतो. एक जण तोंडाला लावून दोन मिनिटं प्रार्थना करतो, मध्ये खोकतो, आमेन म्हणतो, आणि तोच माइक पुढच्याच्या तोंडाला! मी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, माइकवर चढवली, वर रबरबँड लावला. दर माणसाला नवी पिशवी. आवाज जरा फसफसायचा, पण चालत होतं.

सरोजबाईंनी पिशवीवाला माइक हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला विचारलं, तेही माइकमध्येच, "यातून वर ऐकू जातं का गं?"

गायन बंद म्हटल्यावर तर भजनवाल्यांनी असहकारच पुकारला. त्यांचा तबलजी म्हणाला, "सिस्टर, तोंड बंद ठेवतो. वाद्यांना कुठे कोरोना होतो?" म्हटलं ठीक. तर तबला, पेटी आणि झांजांच्या चार जोड्या! तो कल्लोळ सुरू झाल्यावर मंडळीला गाण्यावाचून राहवेना. सगळे मास्कच्या आत गुणगुणायला लागले. मी एकेका बाकाशी जाऊन "शूऽऽ" करत फिरतेय. माझ्याकडे बघून एक आजोबा बायकोला म्हणाले, "हीच ती, जिला देवाचं गाणं सहन होत नाही." मी! जी रोज ड्युटीवर पीपीई किटच्या आत तीच गीतं म्हणत होते, नाहीतर बारा तास कसे निघाले असते? त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. सांगायला लाज कसली?

*

मग पासष्टचा नियम. पासष्टच्या वरच्यांनी घरीच थांबावं. आता आमच्या मंडळीत पासष्टच्या वरचे काढले तर उरतात कोण? पाळकसाहेब, मी आणि कबूतर! पण नियम तो नियम. गेटवर टेबल टाकून रजिस्टर घेऊन मी बसले. नाव, ताप, वय, आणि शंका आली तर आधारकार्ड.

सरोजबाईंनी वय सांगितलं अठ्ठावन्न. मी आधार मागितलं. त्यांनी ते नवऱ्याच्या पाठीआड हात लांबवून माझ्यासमोर धरलं. सदुसष्ट! नवरा बिचारा चष्मा पुसत वाकला आणि त्याला दिसलं. तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होता. मग मला म्हणाला, "सिस्टर, म्हणजे ही माझ्याहून मोठी आहे?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला हे कोरोनानं सांगितलं! दोघं तिथूनच परत गेले, आणि जाताना एकमेकांपासून सहा फुटांचं अंतर अगदी नीट पाळून गेले.

त्यांच्या मागे शांतामावशी होती. पांढरी साडी, घरी शिवलेला मास्क, हातात गीतांचं पुस्तक. शहाडहून चालत आलेली.

"मावशी, वय?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी विचारलं, कारण मागे विल्सनभाऊ उभे होते.

"सत्तर."

मी वाकून हळूच म्हणाले, "अगं साठ सांग ना! मी कार्ड मागणार नाही."

"देवळाच्या दारात?" मावशी म्हणाली.

तिला परत पाठवलं. मी पाठवलं! ती घरी गेली नाही. समोरच्या फुटपाथवर, टायरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि पुस्तक उघडलं. आतून ऐकू काय येणार? झांजा तेवढ्या. उपासना सुटल्यावर उठून माझ्यापाशी आली. "घंटेचं काय ठरलं गं?"

"प्रार्थनेत आहे मावशी," मी म्हणाले. आणि माझी मलाच चीड आली. आत पहिल्या बाकावर पंचकमिटीतले चौघे बसलेले, सगळ्यात तरुण अडुसष्टचा. ते म्हणे पदाधिकारी! पदाधिकाऱ्यांना कोरोना होत नाही, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?

असे तीन रविवार मावशी त्या पायरीवर बसली. दर रविवारी तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर.

*

डिसेंबरात विल्सनभाऊंच्या पुतणीचं लग्न निघालं. परवानगी पन्नास माणसांची. देवळात आले दोनशे! विचारलं तर म्हणे, "पन्नास-पन्नासच्या चार बॅच आहेत, सिस्टर." चारी बॅच एकाच वेळी आत! एसी चालू, खिडक्या बंद, कारण नवरीचा मेकअप वितळतो. सत्तर-पंचाहत्तरच्या सगळ्या आत्या-मावशा पुढच्या रांगेत. मी गेटवर रजिस्टर घेऊन उभी, तर फोटोग्राफर मला म्हणतो, "मॅडम, जरा साइडला, फ्रेममध्ये येताय."

आणि लग्न लागल्यावर घंटा वाजली. दणदणीत! दाविदमामांच्या दोराला नवरदेवाचे चार मित्र लोंबकळत होते. एकाच्या तोंडाला मास्क नाही. ज्या दोराला एक हात लागला असता तर कोरोना झाला असता, त्याला आठ हात!

मी तरातरा विल्सनभाऊंकडे गेले. "भाऊ, दोराला हात लागतो ना?"

"सिस्टर, आनंदाचा प्रसंग आहे," ते म्हणाले. "आजच्या दिवशी तरी वाद नको."

माझ्या तोंडात जे आलं ते मास्कच्या आतच राहिलं, म्हणून बरं.

लग्नाचा व्हिडिओ रात्रीपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला. शांतामावशीकडे साधा फोन, तिला कुठून कळणार, असं मला वाटलेलं. पण शेजारच्या कांबळेवहिनींनी कौतुकानं दाखवला, "मावशी, बघ तुमचं चर्च काय सजवलंय!" वहिनींनीच मला नंतर फोन करून सांगितलं. म्हणाल्या, "सिस्टर, माझं चुकलं का हो? आमचे सासरे गेले तेव्हा आम्हालाही विहारात कोणाला बोलवता आलं नव्हतं, म्हणून मला वाटलं, जरा बरं वाटेल. मावशीनं घंटेचा भाग तीनदा लावायला सांगितला. मग म्हणाली, दोर शाबूत आहे तर."

*

पुढच्या रविवारी मावशी आली. मी टेबलावर. मागे विल्सनभाऊ.

मी तिला वय विचारलंच नाही. ताप बघितला, नाव लिहिलं, आणि वयाच्या रकान्यात माझ्या चांगल्या अक्षरात साठ लिहिलं. देवळाच्या दारात खोटं मी लिहिलं, मावशीनं नाही. त्याचा जाब मी देईन वर. विल्सनभाऊंनी वाकून आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि ते आत निघून गेले. मावशी आत जाऊन खिडकीजवळच्या बाकावर बसली. उपासना झाली. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. लोक उठायला लागले, आणि ती सगळ्यांच्या आधी पोर्चमध्ये गेली. आमच्या घंटेचा दोर तिथेच खाली येतो.

पहिला ठोका पडला तेव्हा लोकांना वाटलं, कोणी पोरंटोरं असतील. दुसरा सावकाश आला. तिसरा तसाच. मग आढावमास्तर जागच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. बघता बघता सगळी मंडळी उभी. सगळ्यांचे ओठ मास्कच्या आत हलत होते, मोजत होते. मीसुद्धा मोजत होते. दाविदमामा चौऱ्याहत्तरचे होते.

वीस झाले. तीस झाले. मावशीला दम लागायला लागला. मी पुढे झाले, तर तिनं मान हलवली. नको.

चाळिसाच्या पुढे विल्सनभाऊ गर्दीतून वाट काढत पोर्चमध्ये आले. मला वाटलं, आता जर हे तिच्या हातातून दोर घेतील तर मी काय करीन ते माझं मलाच माहीत नाही. त्यांचा चेहरा लालबुंद झालेला.

"मावशी, पुरे! आपण ठरवलेलं ना कमिटीत?"

ठोका.

"एकट्या तुमच्याच घरातलं माणूस गेलंय का? सात जण गेलेत!"

ठोका.

"माझी आई गेली जूनमध्ये! मी पॉझिटिव्ह, वर कोंडलेला. तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही मला. मी मागितली का घंटा? मागितली?"

त्यांचा आवाज शेवटी चिरकला. सगळं देऊळ ऐकत होतं. त्यांची आई गेलेली आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकलेली आम्ही. मीही टाकलेलं एक. त्यानंतर त्या माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि तोही कधी बोलला नव्हता.

मावशी थांबली नाही. साठ. सत्तर. बहात्तर. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तरावा ठोका पडला आणि ती दोराला धरून तशीच उभी राहिली, घामानं भिजलेली. विल्सनभाऊ अजून समोरच होते. या माणसाला तिनं चड्डीत असल्यापासून बघितलेलं.

"विल्सन," ती म्हणाली, "किती वय होतं रे तिचं?"

विल्सनभाऊंनी मास्क वर ओढला, खाली ओढला.

"चौऱ्याऐंशी."

"मग धर दोर," मावशी म्हणाली. "मी मोजते."